मिठाच्या पाण्याचं इंजेक्शन

ठाण्याच्या एका औषधांच्या कारखान्यात मी उंदरांना इंजेक्शनं द्यायची नोकरी करते, असं सांगितलं की लोक दोन पावलं मागे सरायचे. मला बघायला आलेल्या एका घरच्या मंडळींनी तर हातातली पोह्यांची बशी तशीच खाली ठेवली होती. मला त्याचं वाईट वाटलं नाही. मुलगा मला पसंत नव्हताच, आणि पोहे मी केलेले नव्हते.

पन्नासच्या दशकातली ती शेवटची वर्षं. आम्ही डोंबिवलीला एका चाळीत दोन खोल्यांत राहत होतो, आई, वडील आणि मी. वडिलांना मी अप्पा म्हणत असे. ते मिठागरांच्या कचेरीत कारकून होते. माझ्या नोकरीची त्यांना मोठी गंमत वाटायची. आई मात्र म्हणायची, "गणपतीचं वाहन ते. त्याला सुया टोचतेस, वर पगार घेतेस." मग अप्पा तिला सांगत, "अगं, वाहनाला पिठाच्या गोळ्याही देते ती. आमच्या साहेबांनी आम्हाला एवढंही दिलं नाही."

कारखान्याच्या मागे पत्र्याची एक लांबट शेड होती, तीच आमची प्रयोगशाळा. माजिवड्याच्या बाजूला तेव्हा सगळी शेतं. खिडकी उघडी ठेवली की खाचरांतल्या चिखलाचा वास आत यायचा आणि बंद केली की उंदरांचा. साहेब परदेशात शिकून आलेले होते. त्यांनी तिकडचं चित्र दाखवून इथल्या सुताराकडून लाकडी पेट्या करून घेतल्या होत्या. प्रत्येक पेटीत दोन पट्ट्या, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. पट्टी दाबली की वरच्या नळीतून पिठाची बारीकशी गोळी खाली पडायची. पण दोन्हींवर नाही. उंदराला झोपेचं औषध टोचलेलं असेल त्या दिवशी डाव्या पट्टीवर, आणि नुसतं मिठाचं पाणी टोचलेलं असेल त्या दिवशी उजव्या. आत दिवा नाही, खूण नाही, काही नाही. आज आपल्या अंगात काय गेलं आहे हे त्या उंदराने आपलं आपणच ओळखायचं आणि त्याप्रमाणे पट्टी निवडायची. आणि ते ओळखायचे. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

साहेबांना उंदीर ओळखतात की नाही एवढंच बघायचं नव्हतं. त्यांनी दोन गट केले होते. पहिल्या गटाला गोळी मिळायची ती कष्टांवर. बरोबर पट्टी ठरलेल्या वेळा दाबायची, मग एक गोळी. दुसऱ्या गटाला मिळायची ती वेळेवर. थोडा काळ जाऊ द्यायचा, त्यानंतर बरोबर पट्टी एकदा जरी दाबली तरी गोळी हजर. औषध तेच, पाणी तेच, उंदीरही एकाच जातीचे. पण पहिल्या गटातले उंदीर पेटीत सोडले की सरळ एका पट्टीवर तुटून पडायचे, दुसरीकडे ढुंकून बघायचे नाहीत. दुसऱ्या गटातले जास्त वेळ बरोबर पट्टीपाशी असायचे खरे, पण मधूनच दुसरीवरही हात मारून यायचे.

"हे दुसरे मठ्ठ आहेत. यांना औषध धड ओळखता येत नाही," मी साहेबांना म्हणाले.

साहेबांना माझं असं बोलणं आवडत नसे. ते चष्मा पुसत म्हणाले, "ओळखता येतं हो. चुकीची पट्टी दाबून त्यांचं काही बिघडत नाही. गोळी यायची तेव्हाच येणार. पहिल्यांचे कष्ट फुकट जातात, म्हणून ते चुकत नाहीत. उंदराला काय कळलंय ते पट्टीवर जसंच्या तसं दिसत नाही, बाई. आपण गोळी कशी देतो त्याप्रमाणे दिसतं."

मध्यंतरी एका पेटीत काही बिघाड झाला. आत कुठलंही इंजेक्शन घेतलेला उंदीर असो, डाव्या पट्टीवर गोळी पडत राहिली. आमच्या लक्षात येईपर्यंत त्या पेटीतला उंदीर उजवीकडे जायचाच बंद झाला होता. औषध दिलं तरी डावी, पाणी दिलं तरी डावी. साहेबांनी त्याला प्रयोगातून काढून टाकलं. तो ओळखायचं विसरला असं ते म्हणाले नाहीत. त्याच्याकडून आता काही कळणार नाही, असं म्हणाले.

हे सगळं मी घरी येऊन सांगत असे. अप्पा आरामखुर्चीत बसून ऐकत आणि शाळेतल्या मुलासारखे प्रश्न विचारत. मिठाच्या पाण्यावर ते खूश होते. म्हणायचे, "आयुष्यभर मिठाच्या गोणी लिहिल्या मी, आता माझी पोरगी उंदरांना मीठ टोचते. आपल्या घराण्याला मिठाचंच वेड."

पुढच्या उन्हाळ्यात ते आजारी पडले. पोटात गाठ होती. मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात त्यांचं पोट उघडलं आणि काही न करता परत शिवलं. घरी घेऊन जा म्हणाले. म्हणजे काय ते तिघांनाही समजलं आणि त्यावर आम्ही तिघं एकमेकांशी एक अक्षरही बोललो नाही. आरामखुर्चीच्या जागी खाट आली.

आमचे डॉक्टर म्हातारे, भले गृहस्थ होते. दुखणं वाढलं तेव्हा त्यांनी मॉर्फियाचं इंजेक्शन सुरू केलं. मला सुई टोचायची सवय होतीच, तेव्हा कंपाउंडरला रोज बोलवायला नको, मीच देत जावं असं ठरलं. ठाण्याहून आले की पाय धुवायचे, पितळी पातेल्यात सिरिंज उकळायची आणि दिवेलागणीला इंजेक्शन द्यायचं. पहिल्या दिवशी अप्पा म्हणाले, "माझी पट्टी कुठली ते तरी सांगून ठेव." आई चिडली. मी हसले, आणि मग मोरीपाशी जाऊन उभी राहिले, कारण हसू आवरता आवरता दुसरंच काहीतरी यायला लागलं होतं.

थोड्या दिवसांनी डॉक्टरांनी मला दवाखान्यात बोलावून घेतलं. ते औषध परवान्यावर मिळायचं. कल्याणच्या ज्या दुकानातून ते आणवायचे, तिथे हवं तेवढं मिळत नव्हतं. शिवाय रोज देत गेलं तर पुढे पुढे लागू पडेनासं होतं, असं ते म्हणाले. "मधून मधून नुसतं मिठाचं पाणी देऊन बघू. पेशंटला सांगायचं नाही, आईलाही नाही. कधी कधी तेवढ्यानेही आराम पडतो. मात्र दिल्यावर विचारायचं आणि काय म्हणतात ते मला येऊन सांगायचं. त्यावरून पुढचं ठरवू."

मी तसं केलं. पाणी दिलं आणि विचारलं, "अप्पा, कसं वाटतंय?"

"बरं वाटतंय," अप्पा म्हणाले.

दुसऱ्या खेपेलाही तेच. तिसऱ्या खेपेलाही तेच. डॉक्टर खूश झाले. पाण्याच्या संध्याकाळी वाढल्या, औषधाच्या कमी झाल्या. मला बरं वाटायला हवं होतं, पण माझं मन काही स्वस्थ बसेना. एक गोष्ट मला खटकत होती. औषध दिलं की अप्पा उत्तर द्यायला वेळ लावत. डोळे मिटत, कधी उत्तर न देताच झोपून जात. पाणी दिलं की प्रश्न पुरा व्हायच्या आत "बरं वाटतंय", आणि तेही स्वयंपाकघरात ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

स्वयंपाकघरात आई असायची. आमच्याकडे जुनी रीत होती. अप्पांचं जेवण झाल्याशिवाय आई पानावर बसत नसे. कचेरीतून यायला त्यांना कितीही उशीर झाला तरी नाही. मी त्यावरून पुष्कळ कटकट केली होती, तिच्यावर काही परिणाम झाला नव्हता. आता अप्पांचं जेवण म्हणजे दोन घोट पेज. तेव्हा तिने रीत बदलून घेतली. त्यांना आराम पडला की आपण जेवायचं. दिवसभर ती चहावर असायची. "ते तळमळत असताना माझ्या घशाखाली घास उतरेल का?" हे तिचं ठरलेलं उत्तर. संध्याकाळी अप्पा "बरं वाटतंय" म्हणाले की ती पान वाढून घ्यायची. मधल्या दाराला पडदा होता, पण पितळेच्या ताटाचा आवाज खाटेपर्यंत यायचा. तो आला की अप्पांचा चेहरा सैल व्हायचा. आणि ज्या संध्याकाळी औषधाने त्यांना खरोखर झोप लागे आणि ते काहीच बोलत नसत, त्या संध्याकाळी आई उंबऱ्यावर वाट बघत बसून राही आणि पुष्कळदा तशीच झोपी जाई.

एकदा असंच ताट वाजलं, अप्पांनी मान सैल सोडली, आणि मला ती बिघडलेली पेटी आठवली. औषध दिलं तरी डावी, पाणी दिलं तरी डावी. अप्पांना आतून काय कळतंय, हे त्यांच्या उत्तरावरून आम्हाला कधीच कळणार नव्हतं. त्यांची गोळी स्वयंपाकघरात होती, आणि ती एकाच उत्तराला मिळत होती.

मी डॉक्टरांकडे गेले आणि त्यांना हे सांगितलं. नीट सांगता आलं नाही मला, आवाज चढला. पेट्या, पट्ट्या, गोळ्या, आईचं जेवण, सगळं एकदम बाहेर पडलं. डॉक्टर शांतपणे ऐकून घेत होते. मग म्हणाले, "अगं मुली, माणूस स्वतःच्या तोंडाने बरं वाटतंय म्हणतोय. मी त्याचं ऐकू की तुझ्या उंदरांचं?" घरी येताना रस्ताभर मी त्यांना मनात उत्तरं देत होते, एकापेक्षा एक फर्डी.

आता अप्पांनी उत्तर द्यायच्या आधीच आईला जेवू घालणं एवढाच उपाय होता. समजावलं, रागावले, एकदा स्वतः उपाशी बसले. तिने मला पान वाढून दिलं आणि परत उंबऱ्यावर जाऊन बसली. तू जेवलीस असं अप्पांना खोटंच सांगते म्हटलं तर म्हणाली, "त्यांना कळतं." कळत होतंच. ताट वाजल्याशिवाय त्यांचा विश्वास बसत नसे.

श्रावण लागला. शेजारच्या काकू दर श्रावणातल्या एका शुक्रवारी सवाष्ण जेवू घालत. त्या वर्षी त्यांनी आईला बोलवावं म्हणून मी त्यांच्याकडे गेले. मला वाटलं होतं त्या कां-कूं करतील, आमच्या घरची स्थिती सगळ्या चाळीला माहीत होती. काकूंनी माझ्याकडे बघितलं आणि डोळ्यांना पदर लावला. "मी येणारच होते बोलवायला," त्या म्हणाल्या, "या वर्षी तिलाच बोलवायला हवं." पुढचं त्या बोलल्या नाहीत. पुढच्या श्रावणात आईला कुणी सवाष्ण म्हणून बोलावणार नव्हतं. मी आपला माझा बेत घेऊन गेले होते, हे माझ्या डोक्यातही नव्हतं आलेलं.

आईला नाही म्हणता येईना. सवाष्णीचं आमंत्रण मोडायचं म्हणजे नवऱ्याच्याच आयुष्याचं अशुभ चिंतल्यासारखं. शुक्रवारी दुपारी ती तिचं एकुलतं एक चांगलं लुगडं नेसून गेली. पुरणपोळी, वरणभात, सगळं काकूंनी समोर बसून आग्रहाने खायला लावलं. भरल्या पानावरून उठायची सोय नव्हती. परत आली ती ओटी भरून, विडा खाऊन, आणि अप्पांनी तिला जवळ बोलावून पोळ्या किती खाल्ल्यास ते विचारलं म्हणे. मी ठाण्याहून आले तेव्हा आई पोट जड झालं म्हणून आतल्या खोलीत आडवी झाली होती. गेल्या कित्येक दिवसांत तिला मी त्या वेळी आडवं झालेलं पाहिलं नव्हतं.

मी सिरिंज उकळली. त्या दिवशी पाण्याची पाळी होती. इंजेक्शन दिलं, कापूस चोळला आणि विचारलं, "अप्पा, कसं वाटतंय?"

ते लगेच बोलले नाहीत. आतल्या खोलीकडे त्यांनी एकदा बघितलं. मग अगदी हळू म्हणाले, "आज मिठाचं होतं."

मी सिरिंज पातेल्यात ठेवली.

"कालही मिठाचंच. परवा औषध होतं. त्याच्या आधी पुन्हा मिठाचं." ते श्वास घ्यायला थांबत होते. "पहिल्या दिवसापासून कळतंय मला. अगं, तुझ्या उंदरांना कळतं, मला नाही कळणार?"

"मग बोलला का नाहीत?" माझा आवाज फुटला. "रोज बरं वाटतंय, बरं वाटतंय. त्यावरून डॉक्टर औषध कमी करत गेले. का सोसलंत?"

"हळू बोल." त्यांनी माझं मनगट धरलं. हाताला आता काही जोर उरला नव्हता. "नाही म्हटलं तर ती जेवत नाही. आणि हे बघ, तिला सांगायचं नाही. सांगितलंस तर खरं औषध दिल्यावरही ती माझ्यावर विश्वास ठेवायची नाही. मग माझ्याकडे काही उरत नाही तिला द्यायला."

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत माझ्या हातून दोन सुया वाकल्या. साहेबांनी विचारलं आणि मी सांगून टाकलं. त्यांनी मन लावून ऐकलं. म्हणाले, "छान. बक्षीस आधीच देऊन टाकल्यावर खरी ओळख बाहेर आली. अगदी नेटका प्रयोग केलात." त्यांचा हेतू वाईट नव्हता, माझं कौतुकच करत होते ते. मला त्यांचा असा संताप आला की मी पिंजऱ्यांकडे तोंड करून उभी राहिले आणि दिवसभर त्यांच्याशी बोलले नाही.

मग डॉक्टर. या वेळी त्यांनी उंदरांचा विषय काढला नाही. कुठल्या संध्याकाळी काय टोचलं होतं ते अप्पांनी बिनचूक ओळखलं, हे ऐकल्यावर ते खुर्चीत मागे टेकले आणि बराच वेळ हातातला स्टेथोस्कोप गुंडाळत राहिले. उठून त्यांनी कुलपातलं कपाट उघडून मला दाखवलं. आत काचेच्या थोड्याच कुप्या होत्या. "पाण्यावर भागतंय असं समजून मी ह्या राखून ठेवल्या होत्या. शेवटी लागतील म्हणून," ते म्हणाले. "घेऊन जा. पण ह्या संपल्या की माझ्याकडे काही नाही. कल्याणला रोज माणूस पाठवतोय. तू मला खरं सांगितलंस ते बरं केलंस. मी आता काय करू ते सांग."

ते मला विचारत होते. मी तिथून त्या कुप्या छातीशी धरून निघाले आणि वाटेत कुणाचा धक्का लागेल म्हणून भिंतीच्या कडेकडेने चालले.

त्या कुप्या होत्या तोवर अप्पा झोपले. शांत झोपले. संध्याकाळी ते काही बोलायच्या आत गुंगी यायची, आई उंबऱ्यावर तिष्ठत राहायची, आणि मी म्हणायची, "बरं वाटतंय म्हणाले ते, आता जेव." ती मान हलवायची. माझ्या तोंडून ऐकलेलं तिला चालत नसे. एकदा तर अप्पांनी जड जिभेने मला म्हटलं, "थोडं कमी टोच. मला तिला सांगू तरी दे." मी कमी टोचलं नाही. त्या दिवसांत माझ्या हातात तेवढंच होतं.

कुप्या संपल्या. कल्याणहून माणूस रिकाम्या हाताने आला, दुसऱ्या दिवशी पुन्हा रिकाम्या हाताने आला. आईला डॉक्टरांच्या औषधावर फार भरवसा होता. दिवेलागणीची वेळ झाली की ती स्वतः सिरिंजचं पातेलं चुलीवर ठेवायची. मी मिठाचं पाणी भरायची. खाटेवर अप्पा पाय पोटाशी घेऊन पडलेले असायचे, उशीचा कोपरा दातांत धरून. मला बघितलं की ते उशी सोडायचे आणि चेहरा पुसायचे.

शेवटच्या आठवड्यातली एक संध्याकाळ. आई दारातच उभी होती, तिच्या हातात दिवा होता. सकाळपासून तिने चहाही घेतला नव्हता. मी अप्पांचा दंड कापसाने पुसला, सुई वर धरली, हवा काढली. सुई टेकायच्या आधीच ते दाराकडे बघून मोठ्याने म्हणाले, "बरं वाटतंय."

आई दिवा घेऊन स्वयंपाकघराकडे वळली. सुई अजून माझ्याच हातात होती.